जॉर्जियन घर रस्त्यावर उभं राहून कसं ओळखायचं

लंडन, बाथ, डब्लिन, एडिंबरा, कुठेही गेलात तरी एकाला एक चिकटलेली उंच घरांची रांग दिसतेच. त्यातली जॉर्जियन कुठली, म्हणजे साधारण 1714 ते 1830 मधली, चार जॉर्ज राजांच्या काळातली, हे बाहेरूनच बरंचसं कळतं.

आधी समोरच्या फुटपाथवर जा. सगळे दाराचे फोटो काढतात पण सुरुवात खिडक्यांपासून करा. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यात उंच असतात, वर जाल तशा बुटक्या होत जातात आणि अगदी वर जवळजवळ चौकोनी. कारण पहिल्या मजल्यावर पाहुण्यांचा दिवाणखाना, त्याच्या वर झोपायच्या खोल्या, माळ्यावर नोकर आणि स्वयंपाकघर खाली तळघरात. घरात कोणाचा मान किती ते खिडक्यांच्या उंचीवरून वाचता येतं, मला तर ही गोष्ट फार आवडते.

आता जवळ जा आणि खिडकीची चौकट बघा, खरी गंमत इथे आहे. 1666 च्या आगीत लंडन जळालं, मग बाहेरच्या लाकडावर बंधनं आली, 1709 च्या कायद्याने चौकट भिंतीच्या चार इंच आत घ्यायला लावली आणि 1774 च्या कायद्याने ती विटांच्या मागे लपवायला लावली. म्हणून चौकट भिंतीच्या बरोबरीला असेल तर घर बहुतेक जुनं, आत आहे पण रुंद लाकूड दिसतंय तर मधल्या काळातलं, आणि लाकडाची नुसती बारीक कड दिसतेय तर 1774 नंतरचं. फक्त हे कायदे लंडनचे, बाहेर हा हिशोब थोडा उशिरा लावायचा.

वर-खाली सरकणाऱ्या दोन झडपांच्या खिडकीत काचा वर सहा खाली सहा असतील तर चांगली खूण. तेव्हा काच फुंकून, गरगर फिरवून तबकडीसारखी करायचे, त्यातून मोठा तुकडा निघायचा नाही म्हणून छोटे छोटे चौकोन. तिरक्या नजरेने बघा, समोरच्या धुराड्याचं प्रतिबिंब पाण्यात हलल्यासारखं वाकडं दिसलं तर काच जुनी आहे. वरच्या झडपेच्या खालच्या कोपऱ्यांना लाकडाची छोटी शिंगं असतील तर ती खिडकी बहुतेक नंतरच्या व्हिक्टोरियन काळात (1837 पासून पुढे) बदललेली, कारण मोठ्या जड काचांना तो आधार लागायचा.

विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की लोक लगेच म्हणतात, खिडक्यांवरचा कर चुकवायला बुजवली. कर होता खरा, 1696 ते 1851, पण काही खिडक्या नुसत्या दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून पहिल्यापासूनच आंधळ्या बांधलेल्या आहेत.

दारावरची पंख्यासारखी काच आतल्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये उजेड यावा म्हणून. पायाखालीही बघा, फुटपाथवर लोखंडी गोल झाकण असेल, त्यातून कोळसा थेट तळघरात ओतायचे.

आणि मागच्या बाजूला जाता आलं तर नक्की जा. पुढून कठड्यामागे लपलेलं छप्पर लंडनच्या बऱ्याच घरांत मागून इंग्रजी व्ही सारखं दिसतं. बाथच्या रॉयल क्रेसेंट या कमानीसारख्या वळलेल्या रांगेतली 30 घरं (1767 ते 1774) पुढून एकच राजवाडा वाटतात, पण वास्तुविशारद धाकट्या जॉन वुडने फक्त दर्शनी भाग ठरवून दिला होता, मागचं घर ज्याचं त्याने आपापल्या मनासारखं बांधलं, त्यामुळे मागे एकाची भिंत पुढे आलेली तर दुसऱ्याची आत गेलेली.