मरिया आणि योसेफ यांच्या श्रद्धेवर व आज्ञापालनावर मनन कसे करावे

प्रथम बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील (येशूच्या जीवनकथेतील) पहिल्या अध्यायाची २६ ते ३८ ही वचने सावकाश वाचावीत; त्यांत देवदूत मरियेला ती येशूची आई होणार असल्याचा निरोप देतो. तेथे 'हे कसे होईल?' या मरियेच्या प्रश्नापाशी थांबावे. तिने हा प्रश्न अविश्वासाने विचारलेला नाही. म्हणूनच त्यानंतरचा 'मी प्रभूची दासी आहे' हा तिचा होकार कॅथलिक श्रद्धेत पूर्ण स्वातंत्र्याने दिलेला होकार मानला जातो. आपल्याही मनात एखादा प्रश्न असेल, तर तो दडपू नये. प्रार्थनेत तसाच मांडावा.

त्यानंतर मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय घ्यावेत. येथे घाई करू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण मरियेचा वाग्दत्त पती योसेफ याचा एकही शब्द शुभवर्तमानांत नोंदलेला नाही आणि त्याची श्रद्धा केवळ त्याच्या कृतींतून वाचावी लागते. त्याला स्वप्नात चार वेळा सूचना मिळते आणि प्रत्येक वेळी तो तिच्याप्रमाणे वागतो: मरियेचा पत्नी म्हणून स्वीकार करतो, हेरोद राजापासून बाळ येशूला वाचवण्यासाठी रात्रीच इजिप्तकडे निघतो, पुढे इस्राएलात परततो आणि अखेर गालीलातील नाझरेथ येथे वस्ती करतो. यांपैकी एकच कृती निवडावी आणि त्या क्षणी पुढचे किती थोडे त्याला ठाऊक होते, याचा विचार करत काही मिनिटे शांत बसावे.

सामूहिक मननासाठी १९ मार्चचा संत योसेफाचा सण आणि २५ मार्चचा देवदूताच्या निरोपाचा सण हे दिवस विशेष योग्य आहेत.