हॅम्बुर्गमध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी: आधी इथल्या पाण्याशी ओळख करून घ्या

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी हॅम्बुर्गला येणारी मराठी मुलं मला साधारण तेच तीन प्रश्न विचारतात. कागदपत्रांचं काय करायचं, घर कुठं बघायचं आणि इथली माणसं एवढी अबोल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं थोडक्यात देते. तिसऱ्याला वेळ लागेल, कारण त्याचं उत्तर या बंदराच्या इतिहासात आहे. तो इतिहास जितका कळेल, तितकं हे शहर तुम्हाला परकं वाटणार नाही.

नव्या घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, म्हणजे ‘आनमेल्डुंग’. त्यासाठी तुम्ही त्या घरात राहता असं घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. खोली ठरवतानाच ते मिळेल ना, हे विचारून घ्या. टाळाटाळ करणाऱ्याची खोली कितीही छान असली तरी घेऊ नका. जवळच्या कार्यालयात वेळ मिळत नसेल तर शहरातलं दुसरं कुठलंही चालतं. नोंदणीनंतर कर-क्रमांक पोस्टानं येतो, म्हणून पहिल्याच दिवशी पत्रपेटीवर आडनाव लावा. इथे पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. घर शोधताना एल्बे नदीच्या दक्षिणेकडचे विल्हेल्म्सबुर्ग आणि हारबुर्ग हे भाग सोडू नका. उत्तरेच्या मानानं भाडं कमी असतं आणि लोकल गाडीनं मध्यवर्ती स्टेशन जवळ आहे.

आता पाणी. समुद्र इथून सुमारे शंभर किलोमीटर लांब, तरीही एल्बेचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं. हा फरक साडेतीन मीटरहून जास्त असतो. कोकणातल्या खाडीकाठी वाढलेल्यांना हे लगेच उमगेल, फक्त ही खाडी एका महानगराच्या पोटातून जाते. पहिल्या मोकळ्या रविवारी लांडुंग्सब्रुकनच्या धक्क्यावरून ६२ नंबरच्या फेरीबोटीत बसा आणि फिंकनवेर्डरपर्यंत जा. तुमचं नेहमीचं बसचं तिकीट किंवा पास तिथे चालतो, पर्यटकांच्या बोटीला वेगळे पैसे देण्याची गरज नाही. एका काठावर जुना मासळी लिलावाचा हॉल दिसेल, समोर प्रचंड क्रेन्स आणि कंटेनरची जहाजं. परतल्यावर १९११ साली उघडलेल्या जुन्या बोगद्यातून नदीखालून पलीकडे चालत जा. वरून जहाजं जात असतात आणि पायी जायला पैसे पडत नाहीत.

या शहरावर राजेरजवाड्यांपेक्षा व्यापाऱ्यांची छाप आहे. सम्राट फ्रीडरिश बार्बारोसानं ७ मे ११८९ रोजी एल्बेच्या मुखापर्यंत जकातमाफी दिली, असं एक सनद सांगते. ती सनद बरीच नंतर तयार केलेली आहे हे इतिहासकारांनी दाखवून दिलं आहे, तरी बंदराचा वाढदिवस दर वर्षी मे महिन्यात धडाक्यात होतो. पुढे हॅन्सा व्यापारी संघात आणि नंतरही व्यापाऱ्यांच्या परिषदेनंच कारभार पाहिला. बाहेरच्या राजाकडून मानाची पदकं स्वीकारायची नाहीत, ही इथली जुनी रीत. चॅन्सेलर झालेले हेल्मुट श्मिट याच शहराचे, त्यांनीही देशाचा मोठा सन्मान याच कारणानं नाकारला. इथल्या माणसाचा अबोलपणा मी याच्याशी जोडते. शब्दानं सौदा करणाऱ्यांच्या गावात बडबड आणि बडेजाव दोन्ही संशयास्पद ठरतात. पगार विचारू नका, स्वतःचा सांगू नका. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला दिवसा-रात्री कधीही ‘मोइन’ (इथला नमस्कार) म्हणा, तेवढं पुरतं. मैत्री व्हायला एखादं वर्ष जाईल, पण “शनिवारी सामान हलवायला येतो” असं म्हणालेला शेजारी शनिवारी दारात उभा असेल.

लाल विटांची गोदामं, म्हणजे श्पायखरश्टाट, सगळेच बघायला जातात. तिचा जन्म कसा झाला तेही माहीत असावं. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य झालं, पण हॅम्बुर्ग त्याच्या जकात क्षेत्राबाहेर राहिलं. १८८८ मध्ये ते आत आलं, तेव्हा बदल्यात करमुक्त बंदर मिळवलं. कॉफी, चहा, मसाले, गालिचे जकात न भरता साठवायला ही गोदामं लाकडी खुंटांवर उभी केली. त्यासाठी सुमारे २०,००० माणसांची वस्ती पाडली गेली. २०१५ पासून हा परिसर जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो, पण त्या उठवलेल्या कुटुंबांची आठवण फलकांवर अजून मोठ्या अक्षरांत हवी, असं माझं मत आहे.

आणि मग कॉलरा. हे प्रकरण मी प्रत्येक नवीन माणसाला सांगते. मे १८४२ मध्ये डाइखश्ट्रासेपासून पेटलेल्या आगीनं शहराचा मोठा भाग जळाला. पुनर्बांधणीत इंग्रज अभियंता विल्यम लिंडली यानं आधुनिक गटारं आणि पाणीपुरवठा उभारला. गटारं एल्बेत सोडलेली आणि पिण्याचं पाणीही एल्बेतूनच. ते वरच्या अंगाला घेतलं जायचं, पण भरतीच्या वेळी घाण उलटी वर सरकायची. पाणी गाळायच्या यंत्रणेचा खर्च शहराचे धनी वर्षानुवर्षं लांबवत राहिले. १८९२ च्या उन्हाळ्यात साथ आली, आणि व्यापार थांबेल या भीतीनं ती जाहीर करायलाही उशीर झाला. साडेआठ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांत गरीब वस्त्यांतली सर्वाधिक. शेजारच्या, तेव्हा प्रशियात असलेल्या आल्टोनात पाणी गाळून मिळत होतं, तिथे साथीचा जोर फारच कमी होता. रस्ता एकच, एका बाजूला मरण आणि दुसऱ्या बाजूला घरं शाबूत. पुढच्याच वर्षी काल्टेहोफे बेटावर गाळणी सुरू झाली. आज तिथे संग्रहालय आहे, अवश्य जा. इथल्या कार्यालयांतला नियमांचा काटेकोरपणा जाचक वाटेल तेव्हा त्या टाक्या डोळ्यांसमोर आणा. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

साथीचं खापर तेव्हा स्थलांतरितांवर फोडलं गेलं. पूर्व युरोपातून अमेरिकेला निघालेली कुटुंबं इथे जहाजाची वाट बघत थांबत. १८५० ते १९३४ या काळात सुमारे पन्नास लाख माणसं या बंदरातून गेली. हापाग या जहाज कंपनीचे प्रमुख आल्बर्ट बालीन यांनी १९०१ मध्ये फेडेल भागात त्यांच्यासाठी राहण्या-जेवण्याची, तपासणीची स्वतंत्र वसाहत बांधली. ती आता ‘बालीनश्टाट’ संग्रहालय आहे. सामानाची बोचकी आणि आईबापांची पत्रं पाहताना आपण या गर्दीत नवे नाही, हे कळतं. आपल्या देशाचाही एक धागा इथे आहे. ११ सप्टेंबर १९४२ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या उपस्थितीत इथे जर्मन-भारतीय संस्थेचं उद्घाटन झालं, तेव्हा ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून वाजवलं गेलं.

शेवटी, जिवाशी संबंधित गोष्ट. १६-१७ फेब्रुवारी १९६२ च्या रात्री वादळी भरतीनं बांध फोडले आणि हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं मेली, बहुतेक विल्हेल्म्सबुर्गमध्ये, झोपेत. युद्धात घरं गेलेली कितीतरी कुटुंबं तिथल्या बागांतल्या तकलादू घरांत राहत होती. त्यानंतर बांध उंच केले. १९७६ मध्ये पाणी आणखी वर चढलं, तेव्हा शहर वाचलं. म्हणून विल्हेल्म्सबुर्गला घर घ्यायला घाबरू नका. मात्र सखल भागात राहत असाल तर वादळी भरतीबद्दलचं पालिकेचं माहितीपत्रक मिळवा आणि वाचा. त्यात सायरनचा अर्थ, गोळा होण्याच्या जागा आणि बसथांबे दिलेले असतात. सायरन वाजला की रेडिओ लावा, तळघरात जाऊ नका. हिवाळ्यात वाऱ्याचा इशारा असेल त्या रात्री नदीकाठच्या फिशमार्क्टच्या (मासळी बाजाराच्या) चौकात गाडी उभी करू नका. तिथे पाणी दर हिवाळ्यात येतं, आणि येताना फार झपाट्यानं येतं.