खाऱ्या हवेतलं लोखंड: गेट, ग्रिल, पत्रा आणि स्लॅबच्या बाबतीत या चुका टाळा

गणपतीच्या आधी गेटला नवा रंग लागतो आणि शिमग्यापर्यंत त्याच रंगाखालून तांबूस ओघळ उतरतात. किनाऱ्यालगतच्या गावांत हे इतकं नेहमीचं झालंय की सगळा दोष खाऱ्या हवेच्या माथी मारला जातो. हवा खारी आहेच. पण त्याच वाडीत एक ग्रिल वर्षानुवर्षं टिकतं आणि शेजारचं दोन पावसाळ्यांत पोखरून निघतं. हा फरक बहुतेक वेळा रंगाच्या कंपनीचा नसतो. डबा उघडण्याआधी लोखंडाचं काय केलं, त्याचा असतो.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. ओल्या पृष्ठभागावर एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतात आणि दुसऱ्या जागी हवेतला ऑक्सिजन पाण्याच्या मदतीने ते इलेक्ट्रॉन घेतो. म्हणजे गंज चढणं ही विजेच्या घटासारखीच क्रिया आहे. मीठ तिला दोन बाजूंनी जोर देतं. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, हे एक. दुसरं म्हणजे हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून विरघळतं. कोकणात पावसाळा सोडूनही पुष्कळ रात्री आर्द्रता तेवढी असते. त्यामुळे मीठ बसलेलं ग्रिल पाऊस नसतानाही रात्रभर ओलं असतं.

यातूनच एक गोष्ट निघते, जी अनेकांना उलटी वाटते. किनाऱ्यावर पावसात धुतली जाणारी बाजू बरेचदा बरी राहते आणि छपराखालची, आडोशाची बाजू आधी जाते, कारण तिथलं मीठ धुऊन जायला पाऊस पोहोचतच नाही. गॅलरीचं ग्रिल आतल्या बाजूने का सडतं, याचं उत्तर इथे आहे. आडोशाच्या लोखंडावर अधूनमधून गोडं पाणी मारून ते सुकू देणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, आणि तोच कुणी करत नाही.

गंजावरच रंग मारणं

सगळ्यांत जास्त नुकसान या एका चुकीने होतं, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

गंजाचा थर भुसभुशीत असतो आणि त्यात मीठ, पाणी दोन्ही मुरलेलं असतं. त्यावर रंग मारला की ते आत कोंडलं जातं. रंगाचा पापुद्रा पूर्ण हवाबंद कधीच नसतो. त्यातून थोडा ऑक्सिजन आणि थोडी वाफ आत जात राहते आणि गंज रंगाखाली वाढत राहतो. मग फुगा येतो, फुगा फुटतो आणि पोपडा निघतो.

तारेचा ब्रश मारून गंज झाडला म्हणजे काम झालं, असं रंगारी सांगतात. सैल गंज ब्रशने निघतो, पण खड्ड्यांत बसलेलं मीठ निघत नाही. उलट ब्रश ते सगळीकडे पसरवतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी गोड्या पाण्याने धुणं, सुकवणं, मग खरवडणं, ब्रश किंवा ग्राइंडर, पॉलिश पेपर, पुन्हा धुणं, कडक उन्हात सुकवणं, तेलकटपणा असेल तर थिनरचं फडकं, आणि त्याच दिवशी प्रायमर. ‘प्रायमर उद्या मारू’ हे वाक्य किनाऱ्यावर चालत नाही. चकचकीत केलेल्या लोखंडावर एका दमट रात्रीत पिवळट झाक येते.

नवीन लोखंडाच्या बाबतीत वेगळी फसगत होते. नव्या अँगलवर किंवा पट्टीवर कारखान्यातून आलेली निळसर काळी पापडी असते. ती गुळगुळीत दिसते, म्हणून तिच्यावरच रंग मारतात. कालांतराने पापडी तडकते आणि रंगासकट सुटते. शिवाय तडकलेल्या जागी उघडं लोखंड आणि भोवतालची पापडी यांच्यातच घट तयार होतो आणि तिथे खोल खड्डे पडतात. ती पापडी घासून काढलीच पाहिजे. शक्य असेल तिथे सँडब्लास्टिंग, म्हणजे जोराच्या हवेने वाळूसारखे कण मारून साफसफाई, करून घ्यावी.

वर्कशॉपमधून गेट येतं ते रेड ऑक्साइड प्रायमरच्या एका हातावर. ‘रंग नंतर देऊ’ म्हणत ते तसंच पावसाळा काढतं. साधं रेड ऑक्साइड हे वरच्या रंगाला पकड मिळावी म्हणून असतं, उघड्यावर टिकण्यासाठी नाही. ते पाणी शोषतं. पावसाळा काढलेल्या प्रायमरवर पुढे कितीही भारी रंग मारला तरी खालचा पाया गेलेलाच असतो. समुद्राजवळ मी इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमरचाच आग्रह धरीन. मात्र वरचा हात इपॉक्सीचा ठेवू नये. उन्हात इपॉक्सीची भुकटी होते, म्हणून त्यावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा रंग द्यावा. खर्च वाढतो, पण दरवर्षीची मजुरी वाचते.

आणखी एक बारकावा: ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, म्हणून कडांवर थर पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. कडा, वेल्डिंगचे जोड आणि बिजागऱ्यांचे कोपरे आधी ब्रशने हाताने भरावेत, मग सगळीकडे हात फिरवावा.

आता मुहूर्ताचं. गणपतीसाठी घर रंगवण्याची हौस मला पूर्ण मान्य आहे, पण भिंतींपुरती. श्रावणात लोखंड रंगवणं म्हणजे ओलावा आत बंद करणं. धातूचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्याच्या, किमान ३ अंश सेल्सिअस वर असेल तेव्हाच रंग द्यावा, असा या धंद्यातला नियम आहे. घरगुती भाषेत सांगायचं तर दिवाळीनंतरचे कोरडे दिवस निवडा, सकाळचं दव उन्हाने पूर्ण उडू द्या आणि संध्याकाळी गारठा सुरू होण्याआधी हात आवरा.

गंजाचं रूपांतर करणारी द्रावणं बाजारात मिळतात. त्यांत टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल असतं. घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर ती उपयोगी पडतात. पापुद्रे सुटलेल्या लोखंडावर ओतली तर वरचा थर काळा होतो, खालचा गंज तसाच राहतो.

पाणी अडेल अशी बनावट

गेटचा खालचा आडवा पाइप आधी का जातो, ते बघा. चौकोनी पाइपचं तोंड उघडं असतं किंवा वेल्डिंगचे नुसते टाके मारलेले असतात. पाणी आत शिरतं, बाहेर येत नाही, आणि पाइप आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग छान दिसत असताना एक दिवस बोट आत जातं. एकतर तोंडं पूर्ण वेल्डिंग करून बंद करावीत, नाहीतर सगळ्यांत खालच्या जागी पाणी निघायला भोक ठेवावं. अर्धवट बंद हा सगळ्यांत वाईट प्रकार.

गंजाला ऑक्सिजन लागतो, पण इलेक्ट्रॉन घेण्याचं त्याचं काम शेजारच्या उघड्या जागी होतं; म्हणून एकाच ओल्या तुकड्यावर जिथे ऑक्सिजन कमी पोहोचतो तिथे लोखंड झिजतं आणि जिथे भरपूर पोहोचतो तिथे त्या मानाने वाचतं. त्यामुळे वॉशरखाली, साचलेल्या पाल्याखाली, दोन पट्ट्यांच्या फटीत आणि मातीत रोवलेल्या खांबाच्या जमिनीलगतच्या भागात गंज जास्त खोल जातो. खांबाभोवतीचं काँक्रीट जमिनीच्या वर आणून त्याला बाहेर उतार द्यावा.

दोन वेगळे धातू एकत्र जोडणं

दोन धातू एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये ओल असेल, तर त्यांतला जास्त क्रियाशील धातू झिजतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात १८८६ साली बाहेरून तांब्याचा पत्रा आणि आतून लोखंडी पट्ट्या होत्या. मधलं विलग करणारं अस्तर खराब झालं आणि पट्ट्या सडल्या. १९८० च्या दशकातल्या दुरुस्तीत तिथे स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

घरात हे लहान प्रमाणात रोज चालतं. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी, पाइपला पितळी व्हॉल्व्ह जोडला की जोडाजवळचा पाइप आधी जातो. स्टीलच्या रेलिंगला साधा लोखंडी बोल्ट लावला तर तो फार लवकर संपतो, कारण झिजणारा भाग इवलासा आणि त्याला झिजवणारा भाग भलामोठा असतो. याच्या उलट, मोठ्या लोखंडी गेटला स्टेनलेसचा बोल्ट सहसा चालून जातो. जोडणारा तुकडा लहान असतो, तेव्हा तो कमी झिजणाऱ्या धातूचाच असावा आणि मध्ये नायलॉनचं किंवा रबराचं वॉशर घालावं.

हीच गोष्ट आपल्या बाजूने वापरता येते. गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकी वाचवते. ती संपली की टाकीची पाळी, म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी ती काढून दाखवायला सांगा.

पत्र्याचे ग्रॅम न विचारणं

जीआय पत्र्यावरचा जस्ताचा थरही असाच आधी झिजतो, त्यामुळे पत्र्यावर बारीक ओरखडा पडला तरी लोखंड काही काळ सुरक्षित राहतं. पण हा थर किती आहे हे गिऱ्हाईक विचारतच नाही, फक्त पत्र्याची जाडी विचारतं. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त म्हणजे एका बाजूला सुमारे ८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). २७५ ग्रॅम असेल तर सुमारे १९ मायक्रॉन. समुद्राजवळ पहिला पत्रा घेणं म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणं.

जीआयवर वेल्डिंग केलं की त्या जागचं जस्त जळून जातं. तिथे घासून झिंक रिच पेंट, म्हणजे भरपूर जस्त असलेला रंग, लावलाच पाहिजे. वेल्डिंगचा तो पांढरा धूर छातीत जाऊ देऊ नये, त्याने ताप भरतो. नव्या जीआय पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारू नका. जस्ताशी त्याची क्रिया होऊन रंग सालीसारखा निघतो. त्यासाठी वेगळा प्रायमर मिळतो. आणि आणलेले पत्रे पावसात एकावर एक रचून ठेवू नका. मधल्या पाण्याने त्यांच्यावर पांढरी भुकटी चढते आणि बसवण्याआधीच जस्त कमी होतं.

‘स्टील आहे, गंजणार नाही’

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं आणि त्याचाच अदृश्य ऑक्साइड थर धातूला राखतो. मिठातला क्लोराइड हा थर भेदतो. म्हणून समुद्रकिनारी ३०४ ग्रेडच्या रेलिंगवरही चहासारखे डाग येतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला जास्त तोंड देतं.

दुकानात चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४’ असं दाखवतात. त्या परीक्षेला अर्थ नाही. स्वस्तातलं २०२ सुद्धा चुंबकाला सहसा चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. आणि फरशीचं ॲसिड किंवा ब्लीच स्टीलवर सांडू देऊ नका.

फुगलेल्या स्लॅबवर प्लास्टर

ही चूक जिवावर बेतणारी आहे. चांगल्या काँक्रीटचा पीएच (आम्लता-अल्कता सांगणारा आकडा) १२.५ च्या आसपास किंवा वर असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळई सुरक्षित असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरत हा पीएच उतरवतो. खाडीची न धुतलेली वाळू वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत असतं. गंजलेली सळई मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागते. काँक्रीटला ताण सोसत नाही, ते तडकतं आणि ढलपी खाली पडते.

मूळ चूक बांधतानाची. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीप्रमाणे सळईवर काँक्रीटचं कव्हर सौम्य हवामानात २० मिलिमीटर चालतं. किनाऱ्यावर आडोशाला ते ३० आणि उघड्यावर ४५ मिलिमीटर हवं. प्रत्यक्षात सळईखाली खडीचा तुकडा सरकवतात, ओतकामाच्या वेळी त्यावरून माणसं चालतात आणि सळई शटरिंगला टेकते. सळई शटरिंगपासून उचलून धरणारे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, नीट बसवून घ्या आणि स्लॅब ओतताना स्वतः उभे राहा.

पोपडे पडू लागलेच असतील तर आधी वरची गळती बंद करा. मग काठीने ठोकून पोकळ आवाजाचा भाग ठरवा. दुरुस्तीत सळईचा फक्त दिसणारा भाग घासून वर सिमेंट थापलं, तर मागचा गंज चालूच राहतो. सळईच्या मागेही बोट फिरेल इतकं काँक्रीट काढावं, सळई चारही बाजूंनी घासून धुवावी, तिला गंजरोधक कोट द्यावा आणि पॉलिमर मॉर्टरने भरावं. खारं काँक्रीट शेजारी शिल्लक राहिलं, तर नव्या पॅचच्या कडेलाच पुन्हा गंज सुरू होतो. ठिकठिकाणी ठिगळं लावत बसण्याचा अनुभव अनेक सोसायट्यांना आहे, तो यामुळेच.

सळईची जाडी डोळ्यांना कमी दिसत असेल, तर हे मिस्त्रीचं काम राहत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, तो येऊन बघेपर्यंत स्लॅबवर हातोडा चालवू देऊ नका, खाली टेकू लावून घ्या आणि त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका.