शाळांना संगणक देताना या चुका टाळा

कोणत्या शाळेला आधी संगणक द्यायचे, हे नुसत्या अर्जांवरून ठरवू नका. "वीज आहे का? होय / नाही" या रकान्याचा तर मला संताप येतो. एका शाळेने तिथे "होय" लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. भिंतीवर मीटर होता. फक्त बिल थकल्यामुळे जोडणी तोडलेली होती. निवड समितीतलं कुणी तिथे फिरकलंच नाही. संगणक आले, खोकी मुख्याध्यापकांच्या खोलीत रचली गेली. वीज परत आली तोवर वॉरंटी संपत आली होती, कारण ती माल पोचल्याच्या तारखेपासून मोजली जात होती. यूपीएसच्या बॅटऱ्याही गेल्या. लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंगविना पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती बाद होते. त्याच वेळी चालू वीज आणि शिकवायला उत्सुक बाई असलेली दुसरी एक शाळा मागे पडली. का, तर अर्ज नीट भरला नव्हता.

म्हणून मी शाळा भरलेली असताना जाते. पंखे लावून बघते, सॉकेटला टेस्टर लावते, अर्थिंग तपासून घ्यायला सांगते. २० डेस्कटॉप एकदम चालले तर दोन-तीन किलोवॅटचा भार येतो. वर्गाच्या जुन्या वायरिंगवर तो टाकू नये. नव्या मंडळींना ही पायपीट नको असते, त्यांना गुणांचा तक्ता करून संध्याकाळपर्यंत यादी हवी असते. तक्ता जरूर करा, पण शाळा बघून आल्यावर.

"आधी यंत्रं येऊ देत, प्रशिक्षणाचं नंतर बघू" ही दुसरी चूक. पेरूमध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेत आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले गेले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना लॅपटॉप हाताळता येऊ लागला होता, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. ते यंत्र धड्यात कसं आणायचं, हे शिक्षकांना कुणीतरी दाखवावंच लागतं. मी प्रत्येक शाळेतून किमान दोन शिक्षक मागते. एकाचीच तयारी करून घेतली आणि त्याची बदली झाली, की खोलीला कुलूप लागतं. आणि प्रशिक्षण यंत्रं येण्याच्या आसपासच ठेवा. सरावाला यंत्र नसेल तर शिकलेलं विसरतं.

कुणी नाराज होऊ नये म्हणून सगळ्यांना दोन-दोन संगणक वाटू नका. चाळीस मुलांच्या वर्गात दोन यंत्रांवर कुणाचाच हात बसत नाही.

इंटरनेट नाही एवढ्यावरून शाळा वगळू नका, 'कोलिब्री'सारख्या शिकवण्याच्या सॉफ्टवेअरमधलं साहित्य त्याविना चालतं.

देणगीतले जुने संगणक घेताना आधी बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. अशा जुन्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली चालवणारं कुणी शाळेत आहे का, ते विचारा.

राहिली सगळ्यात अन्यायकारक चूक: तयारी नाही म्हणून शाळेला नापास करणं. वीज आणि शिक्षक बघायचे ते वाटपाची वेळ ठरवायला. तयार शाळांमध्ये जिथल्या मुलांना घरी संगणक दिसतच नाही, ती पहिली. आणि तयार नसलेल्या शाळेला नकाराचं पत्र जाता कामा नये. वायरिंगचा खर्च, थकलेल्या बिलाचा तोडगा आणि पुन्हा भेट देण्याची तारीख, हे सगळं त्याच बैठकीत लिहून घ्या.