अचानक पाय दुखून सुजला? या चुका टाळा

रात्री पाय ठीक होता आणि सकाळी पोटरी ताठरली, घोट्याभोवती सूज आली, पाऊल टेकवेना. आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं, "नस चढली असेल," आणि तेलाची वाटी पुढे येते. सगळ्यात धोक्याची चूक हीच.

एकाच पायाची पोटरी सुजली, दाबल्यावर दुखते आणि हाताला गरम लागते, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती पोटरी रगडली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. नुकतंच खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, पायाला प्लास्टर असेल, कॅन्सरचे उपचार किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, बस-विमानात तासन् तास बसून प्रवास झाला असेल, तर हा संशय आधी घ्या. बाळंतिणीच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीचा धोका वाढलेला असतो आणि नेमकं तेव्हाच घरी रोज मालिश चालू असते. एक पोटरी सुजलेली दिसली, तर डॉक्टरांनी पाहीपर्यंत मालिशवाल्या मावशींना त्या पायाला हात लावू देऊ नका.

शिवणकामाची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर डॉक्टर त्याला महत्त्व देतात. फरक कमी असला तरी गुठळी नाही असं मात्र धरू नका. खात्री डॉप्लर सोनोग्राफीनेच (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) होते.

"सूज नाही ना, मग बघू उद्या"

रक्ताभिसरणाचा सगळ्यात तातडीचा आजार बऱ्याचदा सुजेशिवाय येतो. धमनी अचानक बंद झाली की पाय गार पडतो, फिकट किंवा निळसर होतो, मुंग्या येतात आणि मग बोटं हलवता येईनाशी होतात. सहा तासांच्या आत रक्तपुरवठा परत मिळाला तर पाय वाचण्याची शक्यता चांगली असते. पुढे प्रत्येक तास महाग पडतो. हृदयाचे ठोके अनियमित पडणारे, विडी-तंबाखूचं व्यसन असलेले आणि थोडं चालताच पोटरी भरून येणारे, थांबलं की बरं वाटणारे लोक यात जास्त सापडतात.

घरी एवढंच बघा. हाताची मागची बाजू दोन्ही पावलांना लावून गारवा ताडून पाहा. सावळ्या त्वचेवर फिकटपणा पटकन कळत नाही, म्हणून तळवे आणि नखं उजेडात पाहा. अंगठ्याचं नख दाबून सोडा. रंग साधारण दोन सेकंदांत परतायला हवा. पाय गार आणि बधिर असेल तर गरम पाण्याची पिशवी लावू नका (चटका बसला तरी कळणार नाही) आणि पाय उशीवर उंच ठेवू नका, कारण त्याने उरलासुरला रक्तपुरवठाही घटतो.

मधुमेह असेल तर

दुखणं कमी म्हणजे आजार किरकोळ, हे गणित इथे चालत नाही. संवेदना गेलेलं पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं असूनही फारसं दुखत नाही, म्हणून माणूस चालत राहतो. आत हाडं खचत असतात. निदान होईपर्यंत त्या पायावर भार नको, आणि गरम पाण्याची बादली तर मुळीच नको.

अंगठ्याचं मूळ रात्रीतून लाल होऊन चादरीचा स्पर्शही सहन होत नसेल, तर गाऊटची (युरिक अ‍ॅसिड साठून सांधा सुजण्याचा आजार) शक्यता मोठी. पण केवळ रिपोर्टवर विसंबू नका. ऐन झटक्यात युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं. ताप आणि पसरणारी लाली असेल तर जंतुसंसर्गाची शक्यता धरून त्याच दिवशी दाखवा.

दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासावं लागतं. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनेही घोटे सुजतात. ती परस्पर बंद करू नका आणि केमिस्टकडून लघवीची गोळी आणू नका.

पाय सुजलेला असताना धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर थेट १०८ ला फोन करा. गार पडलेल्या पायासाठीही तेच. पाय किती वाजता गार पडला ती वेळ आणि चालू गोळ्यांची नावं कागदावर लिहून सोबत न्या. तातडीचं ऑपरेशन लागू शकतं, म्हणून वाटेत चहा-बिस्किटही देऊ नका.