‘आय विल सर्व्हायव्ह’ बसवताना: एक चक्र, चार तऱ्हा

ग्लोरिया गेनरचं हे गाणं 1978 सालचं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं, पण क्लबांतल्या डीजेंनी तबकडी उलटी करून तेच वाजवलं आणि 1979 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. फोंड्यात किंवा म्हापशात रिसेप्शनला फर्माईश आली की बँड ठेका धरतो आणि तिथेच घसरतो. या गाण्यात अवघड आहे ते कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांचं) चक्र. ठेका सोपा आहे.

कडवं आणि ध्रुवपद दोन्हींचे कॉर्ड तेच: ए मायनर, डी मायनर, जी, सी मेजर सेव्हन, एफ मेजर सेव्हन, बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, ई सस फोर, ई. प्रत्येक कॉर्डचं 4 मात्रांचं एक घर, एकूण 32 मात्रा. पेटीवाल्याला पांढरी सहा (ए) सा धरून मूळ स्वर सांगा: सा, म, कोमल नि, कोमल ग, कोमल ध, रे, प, प. सातही स्वर एकदा येऊन जातात, म्हणून हे चक्र कुठेही थांबल्यासारखं वाटत नाही.

चूक बहुधा सहाव्या घरात होते. गिटारवाला तिथे साधा बी मायनर दाबतो. त्यात एफ शार्प असतो, आणि किबोर्ड एफ धरून बसलेला असला की कानाला टोचतंच. योग्य बोटं अशी: पाचव्या तारेवर 2रा पडदा, चौथीवर 3रा, तिसरीवर 2रा, दुसरीवर 3रा, पहिली आणि सहावी तार वाजवायची नाही. जमत नसेल तर गिटारने डी मायनर वाजवावा आणि बेसने खाली बी धरावा. कॉर्ड तोच बनतो.

सातव्या घरात सा धरून ठेवायचा आणि आठव्यात तो शुद्ध नीवर उतरवायचा. तिसऱ्या घरात कोमल नि, आठव्यात शुद्ध. आसावरीतून क्षणभर किरवाणीत डोकावल्यासारखं. ही उतरण झाकली गेली तर गाणं सपाट होतं.

लय मिनिटाला 117 च्या आसपास ठेवा. एक चक्र सुमारे साडेसोळा सेकंदांत संपायला हवं. 125 वर गेलात की गायिकेला श्वास घ्यायला जागा उरत नाही, कारण शब्द दाट आहेत. पहिलं चक्र ठेक्याविना, पियानोबरोबर सैल गायचं. ड्रम दुसऱ्या चक्रापासून: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) चारही मात्रांवर, स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) 2 आणि 4 वर, दोन मात्रांच्या मधोमध उघडी हाय-हॅट (झांजांची जोडी). बेसने सप्तकाच्या उड्या माराव्यात. मूळ गाण्यात मागे कोरस नाही, एकटी बाई गाते. तेव्हा सुरुवातीपासून तिघीतिघींनी ‘आ-आ’ करू नये. पट्टी ठरवताना सुरुवातीच्या ओळी हळू आवाजात गाऊन बघा. खालचे स्वर हरवत असतील तर सा पांढरी एकवर (सी) न्या.

आता नंतरच्या आवृत्त्या. हाताशी कोण वाजवणारे आहेत ते पाहून एकच निवडा. व्हायोलिनचा भरणा किबोर्डवर नीट उतरत असेल तर मूळच घ्या. डायना रॉसने 1995 मध्ये केलेलं गाणंही नाचाच्या मजल्यासाठीच आहे. केक या बँडचं 1996 चं रूप गोव्यातल्या बँडला सगळ्यात सोयीचं: गिटार, बेस, ट्रम्पेट, आणि बोलल्यासारखा कोरडा आवाज. आपल्याकडे ट्रम्पेटवाला शोधावा लागत नाही. फक्त त्याला स्वरांचा कागद बी मायनरमध्ये द्या, आल्टो सॅक्सोफोनला एफ शार्प मायनरमध्ये, कारण ही वाद्यं कागदावरच्या स्वरापेक्षा खाली वाजतात. नाहीतर तालमीचा पहिला अर्धा तास भांडणात जातो. या तऱ्हेत गायकाने भावना ओतली की मजा गेली. त्या गाण्यात एक शिवीही आहे. आजी-आजोबा समोर बसलेले असताना मूळचाच शब्द गावा.

त्याच वर्षी शँते सॅव्हेजने ते संथ, आर अँड बी वळणाने गायलं. जेवणं चालू असताना ते चालतं, नाचायला नाही. आणि हर्मीस हाउस बँडचं 1994 चं रूप म्हणजे सरळ ‘ला ला ला’. 1998 च्या विश्वचषकात फ्रान्सने ते डोक्यावर घेतलं. इंग्रजी शब्द न येणारं सभागृहही त्यात गातं. घुमट (गोव्याचं कातडं ताणलेलं मातीचं तालवाद्य) घालायचा तर इथेच, आणि किक थोडी कमी करून, नाहीतर दोघांचा खर्ज एकमेकांत गढूळ होतो. पावसाळी हवेत घुमटाचं कातडं सैल पडतं, तेव्हा वाजवण्याआधी शेकून घ्या.

मांडव उघड्यावर असेल तर ध्वनिक्षेपक रात्री 10 ला बंद, म्हणून हे गाणं साडेनऊच्या आत घ्या. अल्बमवरचं रूप जवळपास 8 मिनिटांचं आहे. मंचावर साडेतीन पुरे.

रेकॉर्डवर शेवटी आवाज हळूहळू विरतो, मंचावर तसं करता येत नाही. ई वर थांबलात तर लोक पुढच्या चक्राची वाट बघत राहतात. ई पूर्ण 4 मात्रा धरा, ड्रमची भरणी तिथेच, आणि पुढच्या पहिल्या मात्रेला सगळ्यांनी एकदम ए मायनरवर एकच ठोका. झांज लगेच हाताने दाबायची.