बुबुळाच्या व्रणात नेमकं काय वाढतंय? स्क्रेपिंग (व्रण खरवडून नमुना) घेण्याची रीत

डोळ्यात कुसळ गेलं किंवा उसाचं पान लागलं, आणि चार दिवसांनी बुबुळावर (कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) पांढरा डाग दिसू लागला. असा रुग्ण आला की आधी मेडिकलमधून आणलेल्या ड्रॉपच्या बाटल्या मागून घ्या. लेबलावर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन असेल तर सावध व्हा. स्टेरॉइडने लाली ओसरते, रुग्णाला बरं वाटतं आणि बुरशीला मात्र आत रान मोकळं होतं.

बधिर करणारा थेंब घालण्याआधी दोन गोष्टी उरका. कापसाची बारीक वात करून बुबुळाला बाजूने हलकेच लावा आणि दुसऱ्या डोळ्याशी ताडून पाहा. संवेदना कमी असेल तर हर्पिस या विषाणूची शंका घ्या. थेंब पडल्यावर ही तपासणी फुकट जाते. मग नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रुपिशवीवर बोटाने दाबा. पू वर आला तर संसर्गाचं मूळ तिथे असू शकतं, आणि न्यूमोकॉकस या जिवाणूची शक्यता वाढते.

स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून पाहण्याच्या यंत्रावर) कोरडा, किंचित उंचावलेला व्रण, पिसासारख्या कडा आणि बाजूला सुटे ठिपके दिसले तर बुरशी. झपाट्याने पसरणारा, पुवाळलेला व्रण आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारा रुग्ण म्हणजे स्यूडोमोनास हा जिवाणू. गढूळ पाणी डोळ्यात गेल्याचा इतिहास, व्रणाच्या मानाने जास्त दुखणं आणि बुबुळात गोल कडं असेल तर अकँथामीबा हा एकपेशीय जीव. तरीही हे सगळे अंदाजच. फांद्यांसारखा, टोकाला गाठी असलेला हर्पिसचा व्रण नजरेने ओळखता येतो; बाकीच्यांचं स्क्रेपिंग घ्या, तेही अँटिबायोटिकचा पहिला थेंब पडण्याआधी.

बधिर करायला ०.५ टक्के प्रोपॅराकेन वापरा. लिग्नोकेन जंतूंची वाढ दाबतं, म्हणून ते टाळा. व्रणावरचा पू आणि चिकट स्राव निर्जंतुक स्वॅबने आधी टिपून काढा. तो खरवडून पाठवला तर लॅबला पेशींचा कचरा मिळतो, जंतू क्वचितच. मग १५ नंबरचं ब्लेड किंवा किमुरा स्पॅच्युला घेऊन स्लिट लॅम्पखाली व्रणाची कड आणि तळ दोन्ही खरवडा. न्यूमोकॉकस बहुधा पुढे सरकणाऱ्या कडेत सापडतो. बुबुळ फार पातळ झालं असेल तर तळाला हात लावू नका.

पहिले दोन नमुने स्लाइडवर घ्या, एक ग्रॅम स्टेनसाठी (जिवाणू दाखवणारा रंग) आणि एक १० टक्के केओएचसाठी (बुरशी दाखवणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण). लेप पातळ आणि छोटा ठेवा आणि स्लाइडच्या मागे काचेच्या पेन्सिलीने गोल करा, नाहीतर सूक्ष्मदर्शकाखाली तो शोधण्यातच वेळ जातो. त्यानंतर प्रत्येक माध्यमासाठी (जंतू वाढवण्याच्या अगारच्या प्लेटसाठी) नव्याने खरवडा. ब्लड अगार, चॉकलेट अगार आणि सॅबुरो अगार यांवर इंग्रजी 'सी'च्या आकारात रेघ ओढा, पृष्ठभाग फाटू देऊ नका. रेघेवर वाढलेलंच डोळ्यातलं धरायचं. रेघेबाहेरचं बहुतेक हवेतलं. अकँथामीबाची शंका असेल तर ई. कोलाय पसरलेला नॉन-न्यूट्रिएंट अगार लागतो, लॅबला आधी फोन करा.

केओएचमध्ये फांद्या फुटलेले, आडवे पडदे असलेले तंतू दिसले तर त्याच दिवशी बुरशीवरचं नॅटामायसिन ५ टक्के सुरू करता येतं. इथे दोन फसगती होतात. पहिली, कापसाचा धागा बुरशीसारखा दिसतो, पण त्याला फांद्या आणि पडदे नसतात. दुसरी जास्त महागात पडते: पिथियम नावाचा, बुरशीसारखा दिसणारा जीव. त्याचे तंतू रुंद, रिबिनीसारखे आणि पडदे विरळ. ती बुरशीच नव्हे. पेशीत पुरेसं एर्गोस्टेरॉल (बुरशीच्या पेशीपटलातला घटक) नसल्याने बुरशीची औषधं सहसा चालत नाहीत, लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकांचा मार्ग धरावा लागतो. नॅटामायसिनवर व्रण वाढत चालला तर स्लाइड पुन्हा पाहायला सांगा. नोकार्डिया या तंतूसारख्या जिवाणूसाठी १ टक्का सल्फ्युरिक अॅसिडचा अॅसिड-फास्ट स्टेन मागा, साध्या ग्रॅममध्ये तो नजरेतून निसटू शकतो.

ब्लड अगार ३७ अंशांवर, सॅबुरो २५ ते २७ अंशांवर ठेवा आणि सॅबुरो दोन आठवडे फेकू नका. एका प्लेटवर एखादीच वसाहत आली आणि स्लाइडवर काहीच नसेल तर भरवसा ठेवू नका. रेघेवर भरगच्च वाढ, दोन माध्यमांत एकच जंतू किंवा स्लाइडशी मेळ, यातलं एक तरी हवं.

काहीच वाढलं नाही आणि व्रण जैसे थे असेल तर डोळ्याची स्थिती पाहून २४ तास ड्रॉप थांबवून पुन्हा खरवडा. संसर्ग वरच्या थरांखाली दडला असेल तर ब्लेड तिथवर पोहोचत नाही. अशा वेळी २ ते ३ मिलिमीटरची बायोप्सी (बुबुळाचा छोटा तुकडा) घ्या आणि तुकड्याचा अर्धा भाग सलाइनमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राकडे, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीकडे (ऊतींची तपासणी) पाठवा. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये गेला तर कल्चर करायला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, काही उरत नाही.